दुरुस्तीच्या टेबलावर पहिला दिवस

सोसायटीच्या हॉलमध्ये चार टेबलं मांडलेली. एकावर शिलाई मशीन, दोनांवर पक्कडी आणि स्क्रू ड्रायव्हर, चौथ्यावर कुणीतरी पोरांच्या रिमोटच्या गाड्या उघडून बसलेलं. दाराशी माणसं पिशव्यांतून मिक्सर, इस्त्र्या, छत्र्या घेऊन नंबर लावून उभी. दुरुस्ती मेळावा म्हणतात तो हा. तुम्ही स्वयंसेवक म्हणून नाव दिलंय, घरातले पंखे आणि स्विचबोर्ड आजवर तुम्हीच उघडलेत, तरी लोकांची वस्तू लोकांसमोर उघडायची म्हटल्यावर पोटात गोळा येतोच.

माझ्या पहिल्या मेळाव्यात मी एका काकूंची इस्त्री पाऊण तास उघडून, पुसून, तपासून परत मिटवली. इस्त्री ठणठणीत होती. त्यांच्या घरचा प्लग पॉइंट गेलेला होता. "दुसऱ्या पॉइंटला लावून बघितली का?" एवढं एक वाक्य मी विचारलं नव्हतं. तुमचा असा पाऊण तास वाचावा म्हणून हे लिहितोय.

ही पद्धत सुरू झाली नेदरलँड्समध्ये. मार्टिन पोस्टमा या पत्रकार बाईंनी १८ ऑक्टोबर २००९ ला ॲमस्टरडॅममध्ये पहिला 'रिपेअर कॅफे' भरवला. वस्तूचा मालक आणि दुरुस्ती जाणणारा माणूस एका टेबलाशी बसतात, चहा-कॉफी होते, वस्तू दोघं मिळून उघडतात. बेंगळुरूत अंतरा मुखर्जी आणि पूर्णा सरकार यांनी २०१५ मध्ये तसाच उपक्रम सुरू केला. आपल्याकडे एक फरक मात्र लक्षात ठेवायला हवा. आपल्या पेठांमध्ये, नाक्यांवर दुरुस्ती करून पोट भरणारी माणसं अजून बसलेली आहेत. पावसाळ्याच्या तोंडावर फुटपाथवर छत्रीवाले दिसतात, सायकलवरून "कुकर रिपेर, शेगडी रिपेर" अशी हाळी ऐकू येते. त्यांच्या पोटावर पाय देऊन फुकट सेवा करायची नसते. म्हणून आमच्याकडे अलिखित नियम आहे: जे काम कोपऱ्यावरचा माणूस रोज करतो आणि चांगलं करतो, ते त्याच्याकडे पाठवायचं. मेळावा आहे तो 'पन्नास रुपयांच्या दुरुस्तीसाठी कोण जाईल' म्हणून माळ्यावर पडलेल्या वस्तूंसाठी, आणि ती वस्तू आतून कशी असते हे मालकाला दिसावं म्हणून. जमलं तर एखाद्या जुन्या कारागिराला दिवसाची मजुरी देऊन टेबलावर बसवा. दोन तासांत तो जे दाखवतो ते व्हिडिओंमधून दोन महिन्यांत कळत नाही.

पिशवीत काय घ्यायचं

मल्टिमीटर हवाच. साधा डिजिटल, बझर (तार सलग असली की वाजणारा) असलेला पुरतो. स्क्रू ड्रायव्हर चपटे आणि स्टार दोन्ही. शिवाय बिट्सचा छोटा संच, कारण काही कंपन्या त्रिकोणी किंवा मधे टोक असलेले स्क्रू मुद्दाम लावतात. पक्कड, नोज प्लायर, कटर, २५ वॅटचा सोल्डरिंग आयर्न (कथलाने तारा जोडायला), टेप, स्लीव्ह (तारेवर चढवायची नळी), पॉलिश पेपर, जुना टूथब्रश. स्क्रू ठेवायला मी घरचा जुना मसाल्याचा डबा नेतो. सात वाट्या म्हणजे सात टप्पे. जे आधी निघालं ते पहिल्या वाटीत, आणि लावताना उलट क्रमाने. घरून एकदा विचारणा झाली होती की हळदीची वाटी का नेली. तेव्हापासून डबा कायमचा पिशवीतच आहे.

तेलाबद्दल एक सूचना. शिलाई मशीनचं तेल घ्या, खोबरेल नको. पंख्याच्या बुशात (दांडा ज्यात फिरतो ती धातूची नळी) खोबरेल घालणारी घरं पुष्कळ आहेत. उन्हाळ्यात पंखा मस्त फिरतो. थंडी पडली की बाटलीतलं खोबरेल गोठतं तसं बुशातलंही घट्ट होतं, शिवाय धूळ धरून ठेवतं. पुढच्या मार्चमध्ये तो पंखा तुमच्या टेबलावर येणार.

सुटे भाग मोजकेच ठेवा: थ्री पिन टॉप, दोन-तीन मीटर कॉर्ड, पंख्याचे २.५ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर, चेनचे रनर, फ्यूज. पुण्यात बुधवार पेठ आणि मुंबईत लोहार चाळ किंवा लॅमिंग्टन रोड इथे हे सगळं मिळतं. मोठा भाग लागला तर मालकाने आणायचा. आपण काय आणायचं ते कागदावर नीट लिहून द्यायचं, जमल्यास जुना भाग सोबत देऊन. दुकानात 'मिक्सरचं ते काळं रबरी' म्हणून काही मिळत नाही.

सिरीज बोर्ड

हा विषय जरा सविस्तर सांगतो, कारण नव्या मुलांना तो माहीतच नसतो. लाकडी पाटीवर एक बल्ब होल्डर आणि एक सॉकेट, दोन्ही सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक एकाच तारेवर जोडलेले. होल्डरमध्ये १०० वॅटचा जुना, तारेचा बल्ब. एलईडी चालत नाही. संशयित वस्तू त्या सॉकेटला लावायची. वस्तू आतून शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि काम तिथेच थांबतं. हॉलचा एमसीबी पडत नाही, ठिणगी उडत नाही. बल्ब अजिबात पेटला नाही तर बहुधा सर्किट कुठेतरी तुटलेलं आहे. मंद पेटला तर आत काहीतरी चालू आहे.

पण इथे एक फसगत आहे. १००० वॅटची इस्त्री अगदी चांगली असली तरी सिरीज बोर्डवर बल्ब जवळजवळ पूर्ण पेटतो. कारण पेटलेल्या बल्बचा रोध पाचशे ओहमच्या पुढे आणि इस्त्रीचा पन्नासच्या आसपास. जवळजवळ सगळा विजेचा दाब (व्होल्टेज) बल्बच खातो. नवा माणूस 'शॉर्ट आहे' म्हणून बाजूला ठेवतो. म्हणून इस्त्री, किटली, हीटर रॉड अशा तापणाऱ्या वस्तूंना आधी मीटर लावा. हिशेब सोपा आहे: २३० चा वर्ग भागिले वॅट. १००० वॅटला सुमारे ५३ ओहम, ७५० वॅटला सुमारे ७०. मीटर त्याच्या आसपास आकडा दाखवत असेल तर एलिमेंट शाबूत. शून्याच्या जवळ असेल तर शॉर्ट, काहीच दाखवत नसेल तर तार, थर्मोस्टॅट किंवा फ्यूज यांपैकी कुठेतरी तुटलंय.

करंट असलेलं टेबल हॉलमध्ये एकच असू द्या, आणि त्याच्या मागे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की पुरवठा तोडणारा स्विच). बाकी टेबलांवर उघडलेली वस्तू प्लगला लावायची नाही. टेस्टरचा दिवा पेटला नाही म्हणजे करंट नाही, हे डोक्यातून काढून टाका. प्लग काढून तुमच्या डोळ्यांसमोर टेबलावर ठेवलेला असेल तेव्हाच करंट नाही.

आधी विचारायचं

वस्तू हातात आली की स्क्रू ड्रायव्हर उचलायची घाई करू नका. मालकाला शेजारी खुर्ची द्या. मग विचारा: कधीपासून बंद आहे? हळूहळू झालं की एकदम? बंद पडली तेव्हा वास आला, आवाज आला? पाणी पडलं होतं? आधी कुणी उघडली होती? आणि तो माझा पाऊण तास खाणारा प्रश्न: दुसऱ्या पॉइंटला लावून बघितली का?

शेवटून दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. कुणी उघडलेली नसलेली वस्तू बहुधा एकाच कारणाने बंद असते. घरच्या कुणीतरी आधी हात मारलेला असेल तर मूळ बिघाड वेगळा आणि वरून केलेला वेगळा, असे दोन गुंते असतात. लोक हे सहजी कबूल करत नाहीत. "यांनी जरा बघितलं होतं" असं हळू आवाजात येतं, आणि 'हे' शेजारीच उभे असतात. हसू नका. उलट, काका, तुम्ही कुठपर्यंत पोचला होतात, असं विचारा. सगळं कळतं.

मालकाच्या हाती स्क्रू ड्रायव्हर द्यायचा हेही ठरवून करा. "मला जमत नाही हो" म्हणणारी आजी दोन स्क्रू काढल्यावर तिसरा मागते. वेळ जास्त लागतो, खरंय. पण वस्तू तुम्ही एकट्याने उघडून परत दिली तर तो माणूस पुढच्या वेळी पुन्हा तीच घेऊन येईल.

बाहेरून आत

बिघाड शोधायचा क्रम कायम एकच: प्लग, कॉर्ड, स्विच, फ्यूज, आणि मग आतलं. पिन काळवंडली आहे का, टॉप उघडल्यावर तारेचा स्क्रू ढिला आहे का. कॉर्ड तुटते ती मधे नाही, वाकते तिथे: इस्त्रीत शिरण्याआधीच्या चार इंचांत किंवा टॉपच्या मानेशी. मीटर बझरवर ठेवा, एक टोक पिनेला, दुसरं आतल्या टर्मिनलला, आणि कॉर्ड हलवत राहा. बझर मधेच तुटला की जागा सापडली. तो तुकडा कापून टाका, राहिलेली कॉर्ड परत लावा. टेपने जोड मारून देऊ नका. इस्त्रीची कॉर्ड रोज शंभर वेळा वाकते, जोड टिकणार नाही.

रंग: जुन्या कॉर्डमध्ये लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ. नव्यात तपकिरी, निळी, हिरवी-पिवळी. अर्थची तार कुणीतरी कापून आत दुमडून ठेवलेली बरेचदा सापडते, कारण 'दोन पिनांवर पण चालते'. चालते. ती परत जोडा आणि मालकाला दाखवून जोडा.

इस्त्रीच्या आत सोल्डर करू नका. साधं सोल्डर १९० अंशांच्या आसपास वितळतं आणि इस्त्रीचा तळ त्याहून वर जातो. आत स्क्रू टर्मिनल किंवा क्रिंप (तारेवर दाबून बसवायचं धातूचं टोक), आणि त्यावर फायबर ग्लासची स्लीव्ह. थर्मल फ्यूज उडाला असेल तर त्याच रेटिंगचा नवा टाका. तिथे नुसती तार जोडून वस्तू चालू करून देणं म्हणजे कुणाच्या तरी घरात आग ठेवून येणं. ही गोष्ट मेळाव्यात एकदाही चालवून घेऊ नका, मालकाने कितीही "फक्त आजच्या दिवसापुरतं" म्हटलं तरी.

उघडायचीच वेळ आली तर प्रत्येक टप्प्याला मालकाच्या मोबाइलवर फोटो काढा. स्क्रू दिसत नसतील तर ते रबरी पायांखाली किंवा स्टिकरखाली असतात. तिथेही नसतील तर प्लास्टिकच्या खाचा आहेत. जुनं एटीएम कार्ड फटीत सरकवत न्या, स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका.

मिक्सर

मराठी घरातून सगळ्यात जास्त काय येतं, तर मिक्सर. त्याचं मूळही दुरुस्तीशी जोडलेलं आहे. १९६० च्या दशकात मुंबईतल्या सत्यप्रकाश माथुर या इंजिनिअरच्या घरचा परदेशी मिक्सर आपल्याकडच्या वाटणापुढे हरला. तेव्हा त्यांनी भारतीय स्वयंपाकघराला झेपेल असा मिक्सर स्वतःच बनवायला घेतला. तो पुढे 'सुमीत' म्हणून घरोघरी गेला. म्हणजे ओलं खोबरं आणि भिजवलेली डाळ यांच्याशी मोटरचं भांडण जुनंच आहे.

'एकदम बंद पडला' अशी तक्रार असेल तर मिक्सर उलटा करा. बुडाशी छोटं, बहुधा लाल बटण असतं, ते ओव्हरलोडचं. भांडं काढून, मोटर थोडी निवू देऊन ते दाबा. कित्येक मिक्सर इथेच चालू होतात आणि मालक ओशाळतात. त्यांना बटण दाखवा, आणि वाटणात पाणी कमी पडल्याने ते उडालं असेल हेही सांगा.

मोटर फिरते पण पातं फिरत नाही, तर कपलर (मोटरवरचा, पात्याला फिरवणारा तुकडा) झिजलाय. काढताना लक्षात घ्या, बऱ्याच मिक्सरांत कपलरचे आटे उलटे असतात. नेहमीच्या दिशेने जोर लावाल तर तो आणखी आवळेल आणि मग तुटेल. पातंच हाताने फिरत नसेल तर भांड्याच्या बुशात वाटण वाळून बसलंय. गरम पाणी घालून ठेवा, खालच्या बाजूने हळूहळू सोडवा. तिथे मशीनचं तेल घालायचा मोह होतो, घालू नका. ते उद्याच्या चटणीत उतरेल. "चटणीत काळं पाणी येतं" ही तक्रार आली की बुश आणि सील दोन्ही गेलेत असं समजा. ते दोन्ही बदलेपर्यंत भांडं वापरायचं नाही, हे स्पष्ट सांगा.

ठिणग्या जास्त दिसत असतील, मोटर मधेच अडखळत असेल तर कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे) बघा. झिजून आखूड झाले असतील तर जोडी बदला, एकच नाही. आणि उघडल्याबरोबर जळक्या वार्निशचा वास आला, तांब्याची तार काळी दिसली, तर झाकण परत लावा. ते वाइंडिंगवाल्याचं काम. त्याचा पत्ता द्या.

टेबल फॅनचं एका परिच्छेदात सांगता येतं. बंद असताना हाताने फिरवा. जड फिरला तर सफाई आणि तेल. मोकळा फिरतो पण चालू केल्यावर गुणगुणतो, आणि काडीने हलकं ढकललं की सुटतो, तर कपॅसिटर. त्यावर छापलेल्या आकड्याचाच नवा घाला. जुना काढण्याआधी त्याची दोन टोकं रोधकाने (रेझिस्टरने) जोडून आतली साठलेली वीज उतरवा.

विजेशिवायची रांग

शिवणकामाच्या टेबलाला कमी लेखू नका. रांग तिथेच मोठी असते. दप्तराची चेन बंद होते पण मागून उघडते, म्हणजे रनर सैल झालाय. नोज प्लायरने दोन्ही बाजूंनी थोडा थोडा दाबा. एकदम दाबलात तर तो तुटतो. छत्रीची काडी कापडातून सुटली असेल तर जाड दोऱ्याचे चार टाके पुरतात. काडीच मोडली असेल तर दुसऱ्या मेलेल्या छत्रीची काढून लावायची, म्हणून मोडक्या छत्र्या फेकू देऊ नका. रफू मात्र ज्याला येतं त्यालाच द्या.

नाही म्हणायची यादी

पहिल्या दिवशी हे सगळ्यात जड जातं. समोरचा माणूस तासभर नंबर लावून बसलेला असतो, आणि आपल्यालाही उघडून बघायची खाज असते.

मायक्रोवेव्ह उघडायचा नाही. त्यातल्या कपॅसिटरवर दोन हजार व्होल्टच्या आसपासचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो राहू शकतो. जुन्या डब्याच्या टीव्हीचं तेच. फुगलेली मोबाइलची बॅटरी हातात घेऊन दाबून बघायची नाही, टोचायची तर नाहीच. ती लोकांपासून लांब, पत्र्याच्या डब्यात वाळूवर ठेवा. गॅसचा रेग्युलेटर आणि नळी एजन्सीच्या माणसाकडे. गिझर, एसी, इन्व्हर्टरची बॅटरी, आणि नेब्युलायझरसारखी रुग्णाची उपकरणं मेळाव्याबाहेर. कुकरची शिट्टी आणि गास्केट बदला, हँडलचा स्क्रू आवळा, पण सेफ्टी व्हॉल्व्ह त्याच कंपनीचा मूळ असेल तरच बसवा. बूड फुगलेला कुकर दुरुस्त होत नाही.

मोबाइल, लॅपटॉप आला तर लॉक मालकानेच उघडायचं आणि स्क्रीन त्याच्यासमोरच राहायची. पासवर्ड कागदावर लिहून घेऊ नका.

नकार देताना पुढची वाट सांगा. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. त्यावर सहभागी कंपन्यांची मॅन्युअल आणि सर्व्हिस सेंटरची माहिती असते. मेळाव्यात एक जण मोबाइल घेऊन एवढंच शोधायला बसवला तरी खूप काम होतं. कॉलेजच्या पोरांना हे काम द्या, त्यांना आवडतं.

परत देताना

विजेची वस्तू मिटवली की दोन मोजमापं घ्या. अर्थ पिन ते धातूचं अंग: बझर वाजला पाहिजे. मग फेज आणि न्यूट्रल पिना एकत्र जोडून, त्या पिनांपासून त्याच अंगापर्यंत: मीटर ओहमच्या सर्वांत वरच्या रेंजवर, वस्तूचा स्विच चालू ठेवून. तिथे मीटरने काहीच दाखवता कामा नये. थोडाही आकडा आला तर करंट अंगावर उतरतोय. वस्तू परत उघडा किंवा 'वापरू नका' अशी चिठ्ठी लावून द्या. दोन्ही जमलं की करंटच्या टेबलावर न्या, आधी सिरीज बोर्ड, मग थेट. शेवटचं बटण मालकाला दाबू द्या.

नोंदीच्या कागदावर नाव, फोन, वस्तू, तक्रार, सापडलेला बिघाड आणि 'झालं', 'अर्धवट', 'नाही' यांपैकी एक एवढंच लिहा. दुरुस्ती मालकाच्या जबाबदारीवर आहे ही ओळ वर छापलेली असावी आणि सही वस्तू उघडण्याआधी घ्यावी. पैसे घ्यायचे नाहीत. डबा ठेवला तर तो टेबलावर नको, दारापाशी असावा.

संपायच्या पाऊण तास आधी नवे नंबर बंद करा. अर्धी उघडलेली वस्तू पिशवीत भरून परत देण्यासारखी नामुष्की नाही. न सुधारणारी वस्तू मालकाला नको असेल तर कॉर्ड, स्क्रू, मोटर काढून ठेवा आणि उरलेलं नोंदणीकृत ई-कचरा रिसायकलरकडे द्या. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या नियमांनुसार ते भंगारवाल्याकडे जायचं नसतं.

सगळे गेले की टेबलाखाली एकदा वाका. एखादा स्क्रू हमखास सापडतो. तो कुठल्या वस्तूचा हे ओळखता येत असेल, आणि ती वस्तू विजेची असेल, तर नोंदीतल्या नंबरवर त्याच संध्याकाळी फोन करा: "काकू, अजून लावला नसेल तर थांबा, मी येतो."